दोर तुटलेली झडप

मी झडप बोलतेय. काळजाच्या उजव्या बाजूची, तीन पाकळ्यांची. आलेलं रक्त पुढे सोडायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका मुलीच्या छातीत झाला. मोठेपणी ती पोहायला शिकवायची. सूर मारून ती तळाशी गेली की आमची चाल कशी संथ व्हायची! ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. एकतिसाव्या वर्षी तिच्या सायकलला ट्रकनं उडवलं. मेंदू गेला, आम्ही मात्र धडधडत होतो. तिची आई डॉक्टरांना म्हणाली, "काळीज द्या कुणाला तरी. स्वस्थ बसणं पोरीला कधी जमलंच नाही."

तशी मी काळजासकट एका बेकरीवाल्याच्या छातीत आले. भला माणूस! पीठ मळताना छातीवर हात ठेवून विचारायचा, "दमलात का हो, पाहुणे?"

त्याच्या शरीरानं आम्हाला परकं तर मानलं नाही ना, हे बघायला डॉक्टर मानेच्या शिरेतून बारीक चिमटा घालून काळजाचा कण खुडून नेत. वाट माझ्याच दारातून. एकदा त्यात माझ्या पाकळ्यांना खालून ताणून धरणारे दोन दोर तुटले. मला नीट मिटता येईना. रक्त मागे फिरू लागलं, त्याचे पाय सुजले, चपला होईनात.

"पुन्हा छाती उघडावी लागेल," सर्जनबाई म्हणाल्या. "आत सगळं चिकटलेलं असेल. जिवाला धोका आहे, पण असंच ठेवण्यातही आहे."

"दुसऱ्याचं काळीज हो ते," तो पुटपुटला. "त्याला आणखी किती कापायचं?"

बायको फणकारली, "तेरा वर्षं आपल्याकडे राहिलंय. दुसऱ्याचं कसलं? घरचं माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात नेत नाही का आपण?"

त्यानं सही केली.

बाईंनी मला शिवून बघितलं. गळतंय का बघायला पाणी भरलं, मी गळले. पुन्हा शिवलं, पुन्हा गळले. "नाही धरत," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्या जागी नवी झडप बसवली. राग नाही आला. पण चव्वेचाळीस वर्षांचा शेजार सुटला.

आता मी प्रयोगशाळेतल्या बरणीत आहे. इथे ठोका ऐकू येत नाही. उद्या माझे पातळ काप काढून तपासतील. मघाशी इथली बाई कुणाला तरी सांगत होती, "ही त्या बेकरीवाल्याची. सूज उतरलीय त्याची. वॉर्डभर फिरतोय आणि दवाखान्याच्या पावाला नावं ठेवतोय."

काळजा, येते मी. ती नवी आहे, बावरेल. पहिले काही दिवस तिला सांभाळून घे.