नऊशे पिको

बाबांच्या छातीत पेसमेकर बसवला आणि ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मला वाटलं, ठमीला आता दिवसभर आजोबांचा खांदा मिळणार. ठमी म्हणजे माझी मुलगी, नुकती बसायला लागलेली. सुरुवातीला झालंही तसंच. मग थंडी वाढली, आणि बाबांनी तिला घेणंच सोडलं.

"बाबा, धरता का जरा हिला? मी दूध गरम करते."

"कंबर धरलीय गं."

दुसऱ्या दिवशी सर्दी, तिसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. ठमी त्यांच्याकडे बघून दोन्ही हात पसरायची. आणि ज्या माणसाने शिलाई मशीन चालवता चालवता मला मांडीवर वाढवलं, तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. मला मनातून राग यायला लागला होता.

खरं काय ते कळलं नवऱ्याकडून. दोघं भांडी पुसत होते, तेव्हा बाबा त्याच्यापाशी बोलले. "छातीतलं ते यंत्र गळतंय. पोरीच्या गालाला हात लावला की चट्‌कन झटका बसतो. परवा तर किंचाळली बिचारी. लेकीला सांगू नका, उगाच जिवाला घोर लावून घेईल."

ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी गालिचे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते. गालिच्यावर चालताना माणसाच्या अंगावर किती चार्ज साठतो, ते मोजायचं. त्यामुळे झटका कुठला, हे मला ऐकताक्षणी कळलं. तरी हॉस्पिटलात फोन करून विचारलं. पेसमेकरमधून वीज अशी बाहेर येत नाही आणि चार्ज मोजायच्या यंत्राला बोट लावलं तरी पेसमेकरला काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण बाबा शिंपी माणूस. माप घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचे नाहीत. म्हणून साहेबांना विचारून मी ते मोजायचं यंत्रच घरी आणलं.

"जावयाने पोटात काही ठेवलं नाही वाटतं," यंत्र बघून बाबा पुटपुटले.

"या, या गुंडीला बोट लावा."

नेहमीप्रमाणे त्यांच्या पायात रबरी चपला होत्या आणि अंगात तो लोकरीसारखा दिसणारा नायलॉनचा गाऊन. गालिच्यावरून पाय घासत ते आले आणि डोळे मिटून बोट टेकवलं. आकडा आला २८०.

"दोनशे ऐंशी! अगं, घरातल्या तारांत तरी एवढी वीज असते का?"

"तारांतले ते व्होल्ट, बाबा. हे नॅनोकूलोम. कूलोम हे चार्जचं माप. एका कूलोमचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनो."

"म्हणजे हे थोडं की फार?"

"चटका बसण्यापुरतं. इजा होण्याइतकं नाही."

त्यांचा चेहरा काही बदलला नाही. तेवढ्यात नवरा म्हणाला, "बाबा, तो गाऊन द्या इकडे. आणि चपलाही."

गाऊन त्याला गुडघ्यापर्यंतच आला. तशाच अवतारात तो गालिच्यावर दोन चकरा मारून आला आणि गुंडीला बोट लावलं. ३१०.

बाबा आकड्याकडे बघतच राहिले. "जावईबापू, तुम्हालाही बसवलंय की काय?"

"नाही हो! मी धडधाकट आहे."

"छातीतल्या यंत्राचा काही संबंध नाही, बाबा," मी म्हटलं. "हवा कोरडी, खाली गालिचा, त्यात हा गाऊन आणि या चपला. आता अनवाणी जा, स्वयंपाकघरातल्या लोखंडी नळाला हात लावा, साठलेला चार्ज जमिनीत जाईल, आणि परत या."

ते सुती सदऱ्यावर गेले, आले, बोट टेकवलं. आकडा आला ९००.

त्यांचा चेहरा पडला. "वाढलं की गं."

मीही क्षणभर गोंधळले. मग लक्षात आलं, यंत्राने आपणहून एकक बदललं होतं. "आकड्याखाली बघा. आता पिको आहे. हजार पिकोंचा एक नॅनो."

बाबांनी वाकून आकड्याखालची अक्षरं वाचली. मग म्हणाले, "म्हणजे टेप उलटी केली."

"टेप?"

"एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. गिऱ्हाइकाची कंबर इकडून छत्तीस, तिकडून एक्याण्णव. म्हणून काय ते जाडं होतं? माप बारीक झालं की आकडा फुगतो." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "मग नऊशे पिको म्हणजे एक नॅनोसुद्धा भरत नाही?"

"नाही भरत. पॉइंट नऊ."

"आणि मघाशी दोनशे ऐंशी."

"तीनशे पटीने कमी झालं, बाबा."

ते स्वतःहून पुन्हा नळाला हात लावून आले आणि ठमीसमोर फरशीवर बसले. बोट तिच्या गालाजवळ नेलं, थांबले, मान वळवली आणि टेकवलं. काहीच झालं नाही. ठमीने ते बोट पकडून सरळ तोंडात घातलं.

"दात येतोय हिला," बाबा म्हणाले. "खालचा. तुम्हाला कुणाला माहीत तरी आहे का?"

आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन बाहेरची माणसं दाखवू लागले. नवरा कौतुकाने जवळ गेला, तर ते झटकन बाजूला सरकले.

"आधी तो गाऊन उतरवा!"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "मला का नाही सांगितलंत?"

"तू आत्ता कुठे नीट झोपायला लागली होतीस," ते म्हणाले आणि ठमीची टोपी सारखी करत राहिले.