येळवशीची दुसरी पूजा

आमच्या घरातली चोर मीच, हे वर्षभरापूर्वीच ठरलं. सासूबाईंची बोरमाळ पिठाच्या डब्यात सापडली. मीच काढून हातात दिली, तर म्हणाल्या, "ठेवणाऱ्यालाच सापडती." चहात दोनदा साखर पडली की मी वेंधळी. पलीकडच्या गल्लीतल्या नागुबाईंच्या घराची वाट त्या चुकल्या, तर मी नीट सांगितली नाही म्हणून.

मी नवऱ्याला म्हटलं, "आत्याबाईंना डॉक्टरला दाखवू. त्या लई इसरून राहिल्यात."

तो ताटावरून उठला. "माझ्या मायला येडी ठरवून किल्ल्या घ्यायच्यात तुला!"

नणंद शिल्पा नांदेडहून फोनवर तेच बोलली, फक्त गोड आवाजात. म्हणजे चोर मी, आणि वर उलट्या बोंबाही माझ्याच.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, अख्खं घर शेतात जेवतं. त्या दिवसाची आंबील सासूबाईच करतात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. यंदा शेतात आंबिलीचं बिंदगं उघडलं तर आत नुसतं ताक. ज्वारीचं पीठ शिजवून घालायचंच राहिलेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू हात लावलास," नवरा म्हणाला. सणासुदीचं भांडण नको म्हणून मी गिळलं.

कडब्याच्या कोपीत दगडांचे पाच पांडव मांडून सासूबाईंनी पूजा केली. हिरव्या दाण्यांची पातळ भज्जी न् भाकरी जेवून झाली. पत्रावळ्या उचलताना त्या उठल्या. "बालाजी, नारळ आण. पूजा राहिलीय."

नवरा हसला. "आत्ताच झाली की, माय."

त्यांनी हळदीकुंकू वाहिलेल्या दगडांना पुन्हा पाणी घातलं, पुन्हा हात जोडले. दोनदा केली म्हणून देव काही रागावत नाही, असं म्हणून भावकीनं हसण्यावारी नेलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "पूजा राहिलीय." नवऱ्यानं हात धरला, तो त्यांनी झटकला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिनं पूजा होऊ दिली न्हाई! सकाळपासून उपाशी ठेवलंय मला."

ओठांना भज्जी तशीच लागलेली होती. नवऱ्याचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आणि लगेच रडू आलं, कारण एवढ्या माणसांत त्या लेकरासारख्या भुकेल्या उभ्या होत्या.

नांदेडच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. सुरुवात वर्षभरापूर्वीच झाली असणार, लवकर आणायला हवं होतं, म्हणाले. बाहेर आलो तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. हल्ली त्या दुसऱ्या कुणाजवळ थांबतच नाहीत. शिल्पा डोळे पुसत जवळ आली. मला वाटलं, आता तरी एक शब्द येईल.

"वैनी, रात्रंदिवस तुम्हीच घरात," ती म्हणाली. "आम्हाला वेळेवर सांगितलं का न्हाई तुम्ही?"

नवऱ्यानं मान हलवली. "मी पण तेच म्हणून राहिलोय."