शेगड्याच्या पोटात

भंगारवाल्यानं घण उचलला आणि मी तिथूनच ओरडले, "अरे थांब! हात लावशील तर बघ!"

तो थांबला. म्हातारी बाई काठी उगारून अंगावर धावून आली की कुणीही थांबतं. मागून माझी भाची धापा टाकत आली. "मावशी, अगं तमाशा नको," ती कुजबुजली. तमाशा नको म्हणे! ताई आणि मी जिथं राबलो ती आमची फौंड्री मोडीत निघाली होती. पत्रे उतरवले होते, भट्टीच्या जागी नुसतं भगदाड. अंगणात पंपांचे तुकडे पडले होते आणि बाजूला दोन मोठे शेगडे उरले होते, दांडा फिरवून जबड्यात वस्तू आवळून धरायचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वजनाला जड असलं तरी घणाखाली तडकतं, म्हणून हे लोक आधी फोडतात आणि मग गाडीत भरतात. आम्हाला पोचायला जरा उशीर झाला असता तर सगळं संपलंच होतं.

झालं असं, की माझी ताई, म्हणजे या भाचीची आई, महिन्यापूर्वी गेली. भाचीनं घर आवरलं आणि त्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. "आईची म्हणून जवळ ठेवावी अशी एक वस्तू सापडली नाही गं. फोटोत पण मागे कुठेतरी उभी. जन्मभर राबली आणि मागे ठेवलं काय? वाळू!"

राग माझ्या नाकावरच असतो, तशात हे असलं ऐकायचं. पण पोरीचे डोळे लाल होते, म्हणून तोंड आवरलं. म्हटलं, "ऊठ. चप्पल घाल."

तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. बीड ओतायचे ते पुरुष. वस्तूचा बाहेरचा आकार त्यांच्या साच्यातला. पण वस्तू आतून पोकळ हवी असेल तर साच्यात मधोमध वाळूचा गाभा ठेवावा लागतो. लोखंडाचा रस त्याच्याभोवती पसरतो, थिजतो, आणि मग गाभा ठोकून, फोडून बाहेर काढतात. ते गाभे आम्ही बायका करायचो. वाळूत तेल आणि काकवी कालवायची, लाकडी पेटीत ठासायची, अलगद बाहेर काढून भाजायची. बाळंतिणीला जपावं तसं जपायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चुरा झालेला बघायचा. मी पंपांचे गाभे करायची, ताई शेगड्यांचे. आम्ही केलेली पोकळी तेवढी राहायची, आणि पोकळीला कोण विचारतो?

पण ताईला एक खोड होती. गाभा पेटीतून काढला की मागच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघायची, वाळू नीट बसलीय का ते. मिस्त्री कावायचा, "बाई, ठसे नकोत!" ताई मान डोलवायची आणि त्याची पाठ वळली की दाबायचीच. तिचा अंगठाही जगावेगळा! लहानपणी दारात चेंगरलेला, आखूड, चापट, टोकाला बाहेर वळलेला. ही भाची तान्ही असताना तोच अंगठा मुठीत धरून झोपायची. सोडवायला गेलं की भोकाड पसरायची.

"आत मागच्या कोपऱ्यात आईच्या अंगठ्याची खूण चाचपायची," मी भाचीला म्हटलं. "माझी बोटं संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत, आत जायची नाहीत."

पहिल्या शेगड्याचा दांडा सहज फिरला. भंगारवाल्यानं पुढचा जबडा ओढून बाजूला ठेवला. भाचीनं हात घातला, कोपरा न् कोपरा चाचपला. "गुळगुळीत आहे, मावशी."

तो ताईचा नव्हताच. ताईनं काम सोडल्यावर दुसरी एक बाई ते गाभे करायची. भंगारवाल्यानं तो ओढून नेला आणि एका घावात दोन तुकडे केले. आता एकच राहिला होता, आणि तो गंजून गच्च झालेला.

"घणानं हाणू का दांड्यावर?" भंगारवाल्यानं विचारलं.

"तुझ्या डोक्यात हाण! बीड आहे ते, फुटेल!"

बिचारा हसला. गाडीतून तेल आणून त्यानं आट्यांवर ओतलं. आम्ही तिथंच विटांवर बसून राहिलो. मला मनातून धाकधूक. इथंही काही नसलं तर हिला कोणत्या तोंडानं घरी न्यायचं? शेवटी त्यानं दांड्यात पाइप अडकवला, अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं, आणि शेगडा किरकिरत सुटला.

भाचीनं मनगटापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिली. मग तिचा चेहरा पडला.

"खड्डा नाहीये, मावशी. कुठेच नाही."

"नीट बघ."

"बघितलं गं! खड्डा बिड्डा काही नाही. उलट कोपऱ्यात काहीतरी वर आलंय."

"अगं वेडे!" मी म्हटलं. "खड्डा वाळूत पडला होता. त्यात रस शिरला. लोखंडात खड्डा कसा येईल? लोखंडात येणार तो..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. तिचा हात आत थांबला होता. बोटं हळूहळू फिरत असणार, कारण तिचे ओठ हलत होते. "आखूड आहे," ती म्हणाली. "चापट." आणि मग अगदी बारीक आवाजात, "टोकाला बाहेर वळलाय गं."

मी पदर डोळ्यांना लावला. का लावू नये? माझी बहीण होती.

भंगारवाला घण टेकवून जवळ आला. "काय झालं मॅडम, हात अडकला का?"

"नाही," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. आतली मूठ तिनं घट्ट आवळली होती आणि ती काही केल्या सोडत नव्हती.