पाणी आत घेताना

टेलरबाईंनी चौथी फळी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले आणि हात झटकले. ॲल्युमिनियमच्या चार फळ्या, खाली रबराची जाड पट्टी. दुकानाचं दार कमरेपर्यंत बंद झालं. नदी सकाळीच गल्लीत शिरली होती, पण आवाज न करता, परक्या घरी आलेल्या लाजऱ्या पाहुण्यासारखी भिंतीच्या कडेकडेने.

"आता ये म्हणावं," बाई म्हणाल्या.

"बोलावणं कशाला धाडतेस? येतेच आहे ती," जिन्यात बसलेले मामा म्हणाले.

मामा म्हणजे बाईंचे सख्खे मामा. आयुष्यभर गवंडीकाम केलेलं; हे दुकान आणि वरची खोली त्यांनीच बांधलेली. भाची पन्नाशीला आली तरी तिला ते लहानपणीच्या नावाने, टाचणी म्हणूनच हाक मारत.

कापडाचे तागे, दोन्ही मशिनं, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे, सगळं वर नेऊन झालं होतं. मोरीच्या भोकात वाळूची पिशवी ठासली होती, मेन स्विच बंद केला होता. खाली उरलं होतं ते कापड बेतायचं टेबल. पलंगाएवढं, जुन्या लाकडाचं. जिन्यात वळेना, दारातून जाईना. खरं सांगायचं तर फळ्यांचा सगळा खटाटोप त्या टेबलासाठीच होता.

दुपारपर्यंत बाहेर पाणी मांडीच्या वर आलं. दुकानात टिपूस नव्हता. बाई टेबलावर मांडी घालून बसल्या. पाण्यावरचं ऊन आत येऊन छतावर हलत होतं. फळीच्या वरच्या कडेपलीकडून एक झाडू गेला, मग एक चप्पल, मग कुणाची तरी बादली, सगळी कशी निवांत फिरायला निघाल्यासारखी. बघता बघता बाईंना वाटायला लागलं, पाणी जागेवरच आहे आणि दुकानच सुटून कुठेतरी चाललंय. त्यांचा डोळा लागला की नाही, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"टाचणे, इकडे ये. हात लाव."

मामा दाराशेजारच्या भिंतीवर तळवा टेकवून उभे होते. बाईंनी हात लावला. भिंत गार, ओलसर होती आणि गुडघ्याच्या उंचीवर केसाएवढी चीर आडवी गेली होती.

"दमलीय ती. एका अंगाने एवढा भार नाही सोसायची. वरची फळी काढ, पाणी आत घे."

"मामा, डोकं ठिकाणावर आहे ना? सकाळपासून जिवाचं रान केलं, ते त्याला घरात घ्यायला?"

"दोन्हीकडे पाणी सारखं झालं की भार उतरतो. दुकान धुता येईल, पोरी. वरची खोली या भिंतीवर उभी आहे."

"तुम्हीच म्हणायचात, माझी भिंत तोफेलाही हलायची नाही!"

मामांनी चिरेवरून बोट फिरवलं. "एकेरी विटेची आहे," ते म्हणाले. "तेव्हा विटा कमी पडल्या. म्हटलं, चालेल."

तीस वर्षांत मामांनी आपल्या कामाला नाव ठेवलेलं बाईंनी ऐकलं नव्हतं.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तू कधी विचारलंस?"

बाईंना राग आला होता, पण हसूच फुटलं. त्यांनी स्क्रू सैल केले. फळी घट्ट बसली होती. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला भाची, दोघांनी हलवून हलवून ती वर ओढली.

पाणी एका पातळ पडद्यासारखं आत उतरलं. बोटांना लागलं, घोट्यांवर चढलं. दोघं जिन्याच्या सहाव्या पायरीवर जाऊन बसली. पाणी वाढत गेलं तशी एकेक फळी निघाल्यासारखी दिसेनाशी झाली. टेबल जरा कुरकुरलं, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि सावकाश वळत दुकानाच्या मधोमध आलं. बाईंनी श्वास रोखला होता. टेबल भिंतीला हलकेच टेकलं, माघारी फिरलं, पुन्हा वळलं.

"नाचतंय बघ," मामा पुटपुटले.

"नाचू दे," बाई म्हणाल्या. इतका वेळ छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं होतं.

तेवढ्यात गल्लीत धप्पकन आवाज झाला. दोन घरं सोडून चपलांच्या दुकानवाल्याने फळ्यांवर पोती रचून पाणी शेवटपर्यंत अडवलं होतं. त्याची दर्शनी भिंत आतल्या बाजूला कोसळली. तो मागच्या गच्चीत होता म्हणून वाचला, आणि बाई वरच्या खोलीच्या खिडकीत धावल्या तेव्हा तिथून त्याने हात हलवून तसं दाखवलंही. मामांनी पाण्यात उतरून आपली बुडालेली चीर चाचपून पाहिली. होती तेवढीच होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घोटाभर गाळ, फुगलेलं टेबल, त्याचा एक पाय खिळखिळा. बाईंनी अर्धा गाळ दाराबाहेर ओढला आणि दमून त्या ओल्या टेबलावरच आडव्या झाल्या. गल्लीभर खराटे चालू होते, कुठे जवळ, कुठे लांब. मामा चपलावाल्याला भिंत किती जाड घालायची ते मोठमोठ्याने समजावत होते. त्यांचा आवाज हळूहळू दूर गेला, आणि बाईंना गाढ झोप लागली.