मिराज की जग्वार

"हे चित्र कुणी काढलंय?" पोह्यांची बशी हातात घेता घेता पाहुण्याने विचारलं.

भिंतीवर क्रोशाच्या राजहंसांशेजारी पेन्सिलीने काढलेलं एक लढाऊ विमान टांगलेलं होतं. राजहंस विणले होते मावसबहिणीने, पण द्रौपदाबाईंनी ते मघाशीच बिनदिक्कत आपल्या लेकीच्या, विमलाच्या, नावावर खपवले होते. विमान काढून ठेवलं असतं, तर मागचा ओलीचा डाग दिसला असता.

"आमच्या पुतण्यानं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "ल्हान हाय अजून."

विमला ट्रे घेऊन उभीच होती. तिशी उलटलेली, कांजूरमार्गच्या कारखान्यात ट्रेसरचं काम करणारी. दिवसभर पंपांची ड्रॉइंग्ज शाईने गिरवायची. याआधीची दोन स्थळं 'पोरगी विमानवेडी आहे' हे कुणीतरी कानावर घातल्यावर परत फिरली होती. आईने डोळ्यांनीच दटावलं. पण ते विमान कुणा नसलेल्या पुतण्याच्या नावावर जावं, हे तिला सोसवेना.

"मी काढलंय," ती म्हणाली.

घाटकोपरच्या शाळेत चित्रकला शिकवणारा नंदकुमार ओव्हाळ बशी खाली ठेवून चित्रापाशी गेला. "मिराज दोन हजार. फ्रेंच. गेल्या वर्षी आपल्याकडे आलं तेच ना? शेपटीकडे छाया छान पडलीय. पण जग्वारची सर नाही बुवा."

"कशात?" विमलाने ट्रे खाली ठेवला.

द्रौपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"सगळ्यातच. इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून केलंय ते. दोन इंजिनं. एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणतं. पंख उंचावर, म्हणून खाली बॉम्ब लावायला ऐसपैस जागा. चाकांचे पाय असे दणकट की खडबडीत जमिनीवरही उतरेल. आणि डोंगराला घासून इतकं खालून जातं की रडारला पत्ता लागत नाही."

"खालून जातं कारण भरल्यावर वर जाता येत नाही त्याला!" विमला म्हणाली. "आपल्या उन्हात धाप लागते त्याच्या इंजिनांना. मिराज बघा. मागे आडवी शेपटी नाही, नुसता त्रिकोण. वैमानिकाचा हात आणि पंख यांच्या मधे कॉम्प्युटर बसवलाय. वाऱ्यावर ते आपलं आपण स्थिर राहतच नाही, मुद्दाम तसं केलंय. म्हणून तर झटक्यात वळतं. आणि वर चढायला लागलं की संपलंच."

"वळतं ना? मग वळताना काय होतं?" नंदकुमारने उजवा तळहात आडवा धरून एकदम उभा केला. "एवढा मोठा त्रिकोण वाऱ्याला आडवा आला की वेग धपकन उतरतो. पहिलं वळण झकास. दुसऱ्याला काय करणार?"

विमलाने स्वतःचा तळहात तसाच उभा करून पाहिला. प्रश्न बिनतोड होता. तिचे वडील सीताराम सांताक्रूझच्या विमानतळावर विमानं आतून झाडायचे. सीटवर राहिलेली परदेशी मासिकं घरी आणायचे. वाकोल्याच्या या उंबऱ्यावर बापलेक चित्रं बघत बसत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण डोक्यावरून विमान गेलं की आवाज विरेपर्यंत थांबून ते विचारायचे, "आता सांग इमल, हे बरं का ते बरं? आन का?" ते गेल्यापासून तिला कुणी 'का' विचारलंच नव्हतं.

"ते खरं," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हरल्याचं एवढं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

"नंदू, पोरगी बघायला आलायस का लढाई करायला?" नंदकुमारची आत्या पदर सावरत उठली. "चल, उशीर झाला."

ती मंडळी जयभीम करून बोळाबाहेर गेल्यावर द्रौपदाबाई मटकन बसल्या. "लागली वाट! जरा गप बसली असतीस तर?"

विमलाने गार झालेले पोहे पुढे ओढले आणि मजेत संपवले.

पुढच्या रविवारी नंदकुमार एकटाच दारात उभा. द्रौपदाबाईंनी घाईघाईने चटई अंथरली, स्टोव्हला पंप मारला.

"आठवडाभर मिराजच्या बाजूने विचार करत होतो," तो बसायच्या आधीच म्हणाला. "त्याला दुसरं वळण घ्यायची गरजच काय? लांबून क्षेपणास्त्र सोडायचं आणि सरळ वर निघून जायचं."

"थांबा," विमला म्हणाली. "मी आता जग्वारकडून आहे. लढाईत सगळेच उंचावर भांडत बसले, तर खालचा पूल कोण उडवणार? धाप लागली तरी ओझं नेतं ना बिचारं!"

"अहो, ते माझं वाक्य आहे!"

"मागच्या रविवारी का नाही बोललात मग?"

दोघंही इतक्या मोठ्याने बोलत होती की शेजारची कमल खिडकीत डोकावून गेली. चहा उतू गेला. द्रौपदाबाईंनी स्टोव्ह विझवला आणि चिमटा हातात घेऊनच मध्ये उभ्या राहिल्या.

"इमानाचं ऱ्हाऊ द्या. लग्नाचं काय?"

नंदकुमार गोंधळला. "ते ठरलंच ना, मावशी?" मग विमलाकडे वळून जरा हळू विचारलं, "ठरलंय ना?"

विमलाच्या हातांचे अजून पंखच होते. ते तिने मांडीवर ठेवले. "ठरलंय," ती म्हणाली.

डिसेंबरात, लग्नाला थोडे दिवस उरले असताना, नौदल दिनाच्या कसरती बघायला तिघंही गेटवेला गेली. द्रौपदाबाई आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. विमान म्हणजे घरातली भांडी थरथरवणारी कटकट, एवढीच त्यांची ओळख. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

समुद्रावरून एक करडं, बुटकं विमान कानठळ्या बसवत आलं आणि येता येता हवेतच थांबलं. पाण्यावर, काही न धरता, जागच्या जागी. खालचं पाणी फेसाळून गोल गोल पसरलं.

"सी हॅरियर!" नंदकुमार विमलाच्या कानाशी ओरडला. "इंग्रजांचं. इंजिनाची तोंडं खाली वळवतात!"

"मिराजला जमेल?"

"छे! जग्वारलाही नाही!"

दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते आणि तोंडं उघडी ती उघडीच होती.

विमान सावकाश गर्दीकडे वळलं. मग त्याने नाक खाली केलं, अगदी माणसाने वाकून नमस्कार करावा तसं. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या.

द्रौपदाबाईंनी कठडा सोडला. डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात जोडले आणि त्या प्रचंड आवाजात कुणालाही ऐकू न जाता त्या विमानाला म्हणाल्या, "जयभीम, बाबा."