नऊपुढचं अक्षर

रविवारी सकाळी दहा वाजता प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या देवीदासभाऊंच्या क्वार्टरसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात भैयालाल महाराज डोळे मिटून, मांडीवर नारळ घेऊन बसलेले. आणि आत भिंतीवर बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा, चांगल्या फ्रेम करून लावलेल्या! मी शेजारची सुनिता, प्लांटमधून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेली. माझं डोकं तिथंच सणकलं.

"इस घर का एक बच्चा मिट्टी में है," महाराज घुमले. "चर्च का कब्रिस्तान. सन उनसठ, मार्च की सत्रह. माँ का नाम तुलसा."

गर्दी गार पडली. तुळसाबाई म्हणजे देवीदासभाऊंची आई, तिला जाऊन वीस वर्षं झाली. तिचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा मजुरांच्या बस्तीत दफनाला जागा नव्हती, म्हणून पाद्रीबाबांनी आपल्या कब्रस्तानात पुरू दिलं, एवढंच घरात माहीत होतं. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. भाऊंची बायको कांता हात जोडून रडायलाच लागली.

नाव विचारलं तर महाराज म्हणाले, पोरगा रुसला आहे, नाव सांगत नाही. बाकी सगळं मात्र सांगतो! नऊ वर्षांचा आहे, खेळायला सोबती मागतो आणि सून आम्रपालीच्या पोटातल्या बाळावर त्याचा डोळा आहे. उपाय काय, तर चाळीस दिवस सुनेनं दवाखान्याची पायरी चढायची नाही, गोळीला शिवायचं नाही.

आम्रपालीला आठवा महिना. बीपी एकशे साठ, पाय सुजलेले. महाराज बुधवारी पहिल्यांदा आले, तेव्हापासून गोळ्या बंद. तिचा नवरा राजदीप रोज प्लांटमधली मोठमोठी यंत्रं चालवतो, पण इथं मान खाली घालून उभा होता. आम्रपाली माझ्या कानाशी आली. "काकू, डोकं लय दुखून राहिलं. डोळ्यासमोर चमकून राहिलं."

मला भीती वाटली, खरं सांगते. भुताची नाही, त्या चमकण्याची. बीपी वाढलेल्या बाळंतिणीला झटके येण्याआधी असंच चमकतं.

आणि सत्रा मार्च मी कुठंतरी वाचलं होतं. त्या चर्चची जुनी दफनवही मी दोन वर्षांपासून उतरवून घेते आहे. आपले आजे-पणजे शोधत लोक येतात आणि पाद्र्यांनी घाईत लिहिलेल्या तुटक अक्षरांपाशी अडतात. माझा जन्म हजेरीचे मस्टर वाचण्यात गेला. अक्षर एकटं वाचायचं नसतं, त्याचा रकाना वाचायचा असतो.

मी घरी जाऊन माझी उतारावही आणली. मूळ पानाचे फोटो मोबाइलमध्ये होतेच. परत येऊन गोडीत विचारलं, महाराज, मुलगा नक्की केवढा? नऊ साल, ते ठासून म्हणाले. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं.

मग मी ते पान सगळ्यांसमोर धरलं. सत्रा मार्च एकोणीसशे एकोणसाठ, तुळसाबाईचा मुलगा, नावाची जागा कोरी. वयाच्या रकान्यात नऊ, पुढे बारीकसा इंग्रजी एच. वरच्या ओळीतल्या म्हातारबाबाच्या साठपुढे वाय, म्हणजे वर्षं. खालच्या लेकराच्या चारपुढे एम, महिने. दुसऱ्या एका अकरापुढे डी, दिवस.

"आणि एच म्हणजे तास," मी म्हणाले. "नऊ तास जगलं ते लेकरू. नाव ठेवायलाही वेळ मिळाला नाही."

हे यांना कुठून कळलं, तेही सांगून टाकलं. महिन्यापूर्वी महाराजांचा चेला विक्की नानाची, म्हणजे आईच्या वडिलांची, कबर शोधायच्या नावाखाली चर्चमध्ये येऊन माझ्यासमोरच याच पानाचा फोटो घेऊन गेला होता. भेटीच्या वहीत त्याची सही आहे. तिकडे विक्कीनं हातातलं आरतीचं ताट हळूच खाली ठेवलं.

कांतानं डोळे पुसले. "सासूबाईचं लग्न दीक्षेच्या साली झालं, छप्पनले. एकोणसाठमंदी नऊ वर्षाचं पोर कुठून आणलं तुमी?"

हे गणित अंगणातल्या प्रत्येकाला येत होतं. पण नारळ पाहिला की आपण बोटं मोजायचं सोडून हात जोडतो.

महाराज डगमगले नाहीत. "आत्मा बढ़ती है, माई."

"बढ़ती है ना? मग आज साठीच्या वर असता," आम्रपाली दारातून म्हणाली. "नऊवर कावून थांबला?"

उत्तराची वाट न पाहता तिनं दवाखान्याची फाइल काखेत मारली आणि राजदीपला म्हणाली, चला. महाराज मधे बसलेले होते. राजदीपनं पहिल्यांदा मान वर केली. "उठा. माह्या बायकोले जागा द्या." ते उठले.

डॉक्टरांनी तिला लगेच भरती करून घेतलं. आणखी दोन दिवस थांबला असता तर दोघंही हातची गेली असती, असं ते राजदीपला म्हणाले. पाचव्या दिवशी मुलगी झाली, लहानशी पण कडाडून रडणारी.

तुमच्या दारात मेलेल्यांचा निरोप घेऊन कुणी आला, तर घाबरू नका. तुला हे कुठून कळलं, असं विचारा. कागद मागा, रकाना पाहा, साल मोजा. आणि गोळी बंद कर म्हणणाऱ्याला आधी फाटकाबाहेर काढा, भूत नंतर बघू.

नऊ तास जगलेलं ते लेकरू एक शब्दही बोललं नव्हतं. त्याच्या तोंडून आमच्या आम्रपालीचा जीव मागायचा हक्क कुणालाच नव्हता.