सोडून देणे हेच माझे काम

मित्रांनो, नखाएवढ्या धातूच्या जिभेचा मी एक जुना रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, आहे. सडबरी या कडाक्याच्या थंडीच्या, खाणींच्या शहरातल्या एका बैठ्या वृद्धाश्रमात, जेवणघराच्या दाराशेजारी, आगीची वर्दी देणाऱ्या लाल पेटीत मी बावीस वर्षे काढली. धूर हुंगणारे वेगळे होते, घंटा बडवणारे वेगळे होते. माझ्याकडे एकच काम होते, सोडून देण्याचे.

त्या इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यात मधोमध एक जाड दार होते. भिंतीवरचा लोहचुंबक ते दिवसभर उघडे धरून ठेवी, आणि त्या चुंबकाची वीज माझ्यातून जाई. आग लागली की पेटी मला हुकूम देई. मी टक् करून जीभ उचलायची, वीज तुटायची, चुंबकाने दार सोडायचे, दार लागायचे आणि धूर पलीकडेच अडायचा. इतके साधे काम.

मला बसवले रोझेर नावाच्या कारागिराने. तेव्हा तो तरुण होता. माझ्या स्क्रूखालची एकेक वायर त्याने ओढून पाहिली होती. दार लागलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो घरी गेला नाही. "शहाणा आहे हा," तो म्हणाला होता, "सांगितल्याबरोबर सोडतो. माणसांना कुठे जमतं!" ते कौतुक मी बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरले. पुढे माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. हिरवा दिवा लागलेला असला की माणसे आत डोकावत नाहीत.

मग तो फेब्रुवारी आला. रोझेर वार्षिक तपासणीला आला तो नेमका जेवणाच्या वेळी. तो घंटा वाजवून पाही, मी इमानाने टक् करी आणि दार लागे. दाराच्या पलीकडे स्वयंपाकीण युगेत जेवणाची गाडी घेऊन अडके.

"रोझेर, अरे बाबा, तिसऱ्यांदा आपटलं हे दार माझ्या गाडीवर! सूप गार होतंय."

"दहाच मिनिटं, युगेत."

"मागच्या वर्षीही दहाच होती तुझी! ओरेलकाकांनी वाटाण्याचं गार सूप खाताना मला कसल्या शिव्या घातल्या, ठाऊक आहे?"

"शिव्या कसल्या, पोरी?" टेबलावरून म्हातारे ओरेलकाका ओरडले. "चर्चमधलेच शब्द होते सगळे!"

तिकडच्या शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांवरूनच बनलेल्या असतात, म्हणून सगळे हसले. रोझेरही हसला, आणि त्याने खिशातून बोटभर लाल वायर काढून माझ्या दोन स्क्रूंवर आडवी बसवली. आता मी सोडले तरी वीज त्या वायरमधून जाणार आणि दार उघडेच राहणार. जेवणे होईपर्यंतच. सगळेच कारागीर असे करतात.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुसऱ्या एका इमारतीत गोठलेला पाइप फुटला होता आणि पाणी तिथल्या पेटीत शिरत होते. त्याने माझे झाकण लावले, कागदावर 'दार ठीक' लिहून सही केली आणि तो धावला. वायर माझ्या अंगावरच राहिली. पेटीला ती दिसत नव्हती. हिरवा दिवा तसाच जळत राहिला. मी ओरडणार तरी कसा?

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, दाराच्या पलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला, कपडे वाळवायच्या यंत्रात कपड्यांतून गळून साचलेला कापूस पेटला. घंटा वाजली. मला हुकूम आला. मी जीभ उचलली, मित्रांनो, पूर्ण उचलली. आणि वीज माझ्या शेजारून निघून गेली. दार हलले नाही.

युगेतने जेवणघरातल्या म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढले. दार आपोआप लागले असेल, असे ती धरून चालली होती. ओरेलकाका मात्र त्या दिवशी कंबर धरली म्हणून आपल्या खोलीत होते, दाराच्या अलीकडे. घंटा वाजली तर खोलीतच थांबायचे, दार धूर अडवते, असे त्यांना दरवेळी सांगितले होते. जन्मभर खाणीत काम केलेला माणूस, सूचना मोडणार नाही. ते थांबले. युगेत परत आली तेव्हा व्हरांडा काळा झाला होता. तिने दोन्ही हातांनी दार खेचून लावले. तोवर चार मिनिटे गेली होती. ओरेलकाका तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारले.

चौकशीचा साहेब आला. त्याने माझे झाकण उघडले.

"ही वायर कोणाची?"

"माझी," रोझेर म्हणाला.

"कागदावर तर दार ठीक आहे."

"कागदही माझाच आहे."

युगेतला रडू फुटले. "मीच घाई केली याला, साहेब. सूप गार होतंय म्हणून."

"घाई तू केलीस," रोझेर खाली बघत म्हणाला, "पण झाकण मी लावलं."

आता मी एका पिशवीत, क्रमांकाची चिठ्ठी लावून, सरकारी फळीवर पडलो आहे. माझ्यात काही बिघाड नाही, असे तपासात निघाले. त्याचे मला समाधान नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत सरावाची घंटा वाजेल तेव्हा रांगेतून जाता जाता मधल्या दाराकडे बघा. ते लागले नाही तर बाईंना सांगा. हिरवा दिवा आहे ना, असे मोठी माणसे म्हणतील. रांगेत बोलू नको, असेही म्हणतील. तरी सांगा. दार लागलेले दिसेपर्यंत सांगत राहा.